ताठ गाल, चालत्या पेशी

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवायची, पंजा कुशीवर वळवायचा आणि तोंड होईल तितकं उघडून ती तिन्ही बोटं पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात ती सहज मावतात. ज्याला दोनच मावतात, किंवा दुसरं घालतानाच गाल आतून ओढल्यासारखा होतो, त्याच्या गालाच्या अस्तराखाली बहुधा बरीच वर्षं काहीतरी चाललेलं असतं. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर रायगड जिल्ह्यातल्या चौकला, जिथून कर्जतचा फाटा फुटतो, तिथल्या कुठल्याही पानटपरीसमोर ती उभ्याउभ्या अर्ध्या मिनिटात होते. त्याच रस्त्यानं पनवेल ओलांडून पुढे गेलं की खारघर येतं. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं 'ॲक्ट्रेक' हे संशोधन केंद्र आहे. परळची जुनी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट २००२च्या सुमारास तिथे हलली. टपरीसमोरची तीन बोटं आणि खारघरच्या सूक्ष्मदर्शकाखालची पेशी यांच्यामध्ये एक साखळी आहे. ती काही विकरांची, म्हणजे एन्झाइमची, आहे. पेशीनं कोणता आकार धरायचा, कुठे सरकायचं आणि केव्हा दुभंगायचं याचे निरोप ही विकरं पोचवतात. तोंडाचा कर्करोग म्हटलं की आपण गाठ केवढी झाली ते विचारतो. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पेशी जागच्या हलल्या का, आणि त्यांना हलायला कुणी लावलं? हलायला लावणाऱ्या गोष्टींत गालाची ताठरता ही एक आहे, आणि ती टपरीसमोर मोजता येते.

या ताठरतेला वैद्यकात सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात ती पाहून नोंदवली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळूवर आणि घशाच्या कमानींवर तोच विकार वर्णन केला आणि आज जगभर चालतं ते नाव रूढ केलं. सुरुवात साधी असते. रोजच्या आमटीतलं तिखट झोंबायला लागतं, तोंडात फोड येतात, मग गालाचं अस्तर फिकट, संगमरवरासारखं दिसू लागतं आणि आतून बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. पुढे शिट्टी वाजेनाशी होते, फुगा फुगत नाही, भाकरीचा घास लहान करावा लागतो. याचं मुख्य कारण तंबाखू नाही, सुपारी आहे. हे वाक्य मराठी घरात पटकन पचत नाही. सुपारी पूजेत देव म्हणून बसते, लग्न ठरलं की फुटते, आणि याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला श्रीवर्धनच्या वाड्यांतली रोठा सुपारी नावाजलेली आहे. पूजेतल्या सुपारीशी कुणाचं भांडण नाही. पण रोज तासन्‌तास गालात धरलेल्या सुपारीतून अरेकोलीन नावाचा अल्कलॉइड झिरपतो, तांबंही झिरपतं. अरेकोलीनमुळे अस्तराखालच्या तंतुपेशी जास्त कोलॅजेन विणतात. तांब्यामुळे त्या कोलॅजेनच्या धाग्यांना आडवे टाके घालणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर जोरात चालतं. धागे वाढतात, टाके पक्के होतात आणि मऊ अस्तराखाली जणू सुंभाची चटई तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागानं केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या विकाराच्या ६६ जणांचा सतरा वर्षं माग ठेवला होता. त्यातल्या पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला. मूर्ती, भोसले, दफ्तरी, गुप्ता, मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांचा १९८५चा हा निबंध आजही उद्धृत होतो. संख्या लहान आहे, पण सतरा वर्षं गावोगाव परत जाऊन तीच तोंडं पुन्हा तपासण्याची चिकाटी लहान नाही.

आता त्या चटईवर बसलेल्या पेशीकडे जाऊ. पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, असं शाळेतल्या आकृतीवरून वाटतं. खरं तर तिच्या आत मांडव असतो. ॲक्टिनच्या बारीक काठ्या, ट्युब्युलिनच्या पोकळ नळ्या आणि केराटिनसारखे चिवट दोर यांवर ती उभी राहते. हा मांडव सारखा उभारला जातो आणि सारखा सोडवला जातो. उभारायचं कधी, सोडायचं कधी, हे सांगणाऱ्या विकरांचे दोन प्रकार इथे लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला प्रकार म्हणजे रो, रॅक, सीडीसी-४२ ही छोटी प्रथिनं. जीटीपी नावाचा रेणू पकडला की ती चालू होतात आणि तोच रेणू हळूहळू तोडून स्वतःच बंद होतात. कळ आणि कळ बंद करणारा हात एकाच ठिकाणी. दुसरा प्रकार कायनेजांचा. ही विकरं दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा तुकडा चिकटवून त्यांचं वागणं बदलतात. रोचं काम बहुतांशी रॉक नावाच्या कायनेजच्या हातून होतं. या कळांचं काम पहिल्यांदा नीट दिसलं ते १९९२ साली लंडनमध्ये. ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी काचेवर वाढवलेल्या उंदराच्या तंतुपेशींत अतिसूक्ष्म सुईनं रो प्रथिन टोचलं. थोड्याच मिनिटांत पेशीभर ॲक्टिनचे जाड दोर ताणले गेले आणि ते दोर काचेला धरून ठेवणारे खुंट उमटले. रॅक टोचलं तर सुरुवातीला दोर जवळजवळ नाहीत, पण पेशीची कड पडद्याच्या झालरीसारखी फडफडत पुढे सरसावली. सीडीसी-४२नं पेशीला बोटांसारखे काटे फुटतात, हे तीन वर्षांनी कळलं. एकेका प्रथिनाची कळ दाबली की पेशीचा अख्खा आकार बदलतो, हे असं डोळ्यांदेखत दिसणं जीवशास्त्रात फार क्वचित घडतं.

पेशी चालते कशी, ते पावसाळ्यात माथेरानच्या डोंगरउतारावर भेटणाऱ्या जळूकडे पाहून समजतं. जळू पुढचं टोक लांबवते, चिकटवते, मग मागचं सोडून ओढून घेते. पेशीतही पुढची कड रॅक लांबवतं, चिकटलेल्या खुंटांवर फोकल ॲढेजन कायनेज, म्हणजे फॅक, निरोपांची देवघेव करतं आणि मागचा भाग रो आणि रॉक मायोसिनला आवळायला लावून ओढून घेतात. मायोसिन हेच आपल्या दंडाच्या स्नायूतलंही प्रथिन. पेशीची दुभागणीही याच मंडळींकडून होते. गुणसूत्रं दोन टोकांना गेली की पेशीच्या मधोमध रो चालू होतं, ॲक्टिन-मायोसिनचं कडं तयार होतं आणि पान-सुपारीच्या बटव्याची नाडी ओढावी तसं ते आवळत जाऊन एका पेशीच्या दोन होतात. चालणं आणि दुभंगणं यांची यंत्रणा अशी एकाच कपाटातली आहे. हा मुद्दा पुढे एका आक्षेपाच्या वेळी पुन्हा लागेल.

माझ्या म्हणण्याचा कणा पुढच्या गोष्टीत आहे. पेशी ज्या जमिनीवर बसते ती मऊ की कडक, हे तिला कळतं. ती आपल्या खुंटांनी जमीन ओढून पाहते. जमीन ढिली असेल तर ओढ वाया जाते, कडक असेल तर ओढ परत जाणवते आणि रो-रॉकची कळ आणखी दाबली जाते. २००५ साली व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटानं दाखवलं की स्तनाच्या साध्या पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या की गोल, पोकळ, शिस्तीतल्या रचना करतात. तेच जेल हळूहळू कडक करत नेलं तर रचना मोडते, रोचा जोर वाढतो आणि पेशी कर्करोगातल्यासारख्या वागू लागतात, तेही त्यांच्या जनुकांत नवा बिघाड न करता. रॉक दाबून धरलं की शिस्त बरीचशी परत येते. हे काम स्तनाच्या पेशींवरचं आहे, गालाच्या नाही, हे खरं. पण गालाच्या अस्तराखाली अरेकोलीननं विणलेल्या चटईकडे या नजरेनं पाहिलं तर सबम्युकस फायब्रोसिसला नुसता 'कर्करोगाआधीचा विकार' म्हणून थांबता येत नाही. ताठरता हा सुपारीच्या विषाचा उरलेला डाग आहे, असं आजवर धरलं गेलं. ती स्वतःच पुढचा निरोप देत असेल, तर डाग आणि कारण यांची जागा बदलते. तोंड तीन बोटांऐवजी दोन बोटं उघडतं, तेव्हा गालातल्या प्रत्येक पेशीला कडक जमिनीचा तोच निरोप दिवसरात्र मिळत असतो.

हे सगळं लंडन आणि अमेरिकेतलं, इथलं काय, असं कुणी विचारेल. इथलं पुष्कळ आहे. भारतात पेशी काचेवर वाढवून पाहण्याची पहिली प्रयोगशाळा परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी राहिली ती डॉ. कमल रणदिवे यांच्या हातून. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे काम केलं आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकून त्या परतल्या. पेशी डब्यातल्या मेणात बसवून रंगवली की ती स्थिर दिसते. काचेवर जिवंत ठेवली की ती चालते, हे त्या पाहणीतून इथल्या संशोधकांच्या सवयीचं झालं. पुढे त्याच संस्थेत टाटके, दामले, भिसे, गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या कर्करोगातून चार पेशीवाण वाढवले. त्यांतल्या एडब्ल्यू-१३५१६ या वाणावर खारघरच्या डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटानं २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. गालाच्या निरोगी वरच्या पेशींत केराटिन-८ आणि १८ हे दोर सहसा नसतात. कर्करोगात ते दिसू लागतात. ते असणं हे नुसतं लक्षण आहे की त्यांचा काही हात आहे? गटानं पेशीतलं केराटिन-८ कमी केलं. पेशींचा आकार बदलला, ॲक्टिनची मांडणी बदलली, त्यांची चाल आणि आत घुसण्याची ताकद घटली आणि उंदरांत त्यांच्या गाठीही लहान राहिल्या. पेशीला जमिनीशी जोडणाऱ्या इंटिग्रिनमार्फत जाणारे निरोप मंदावले होते. मांडवातला एक दोर काढला, तर विकरांचे निरोप बदलले आणि चाल व वाढ दोन्ही उतरल्या.

प्रयोगशाळेतल्या पेशी आणि माणूस यांत अंतर असतं, म्हणून रुग्णांकडचा पुरावा पाहायला हवा. तो टाटा मेमोरियलच्याच एका चाचणीत आहे आणि तिनं जगभरची शस्त्रक्रिया बदलली. तोंडात लहान गाठ, मानेतल्या लसिकाग्रंथी हाताला लागत नाहीत, अशा रुग्णाच्या मानेवर लगेच शस्त्रक्रिया करायची, की गाठ पुढे मानेत दिसली तरच करायची? अनेक दशकं यावर दोन तट होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून दोन्ही मार्ग ताडून पाहिले. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष आले. मानेच्या ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आधीच काढलेल्या गटात जवळजवळ तीस टक्के रुग्णांच्या मानेत, हाताला काहीही न लागताही, कर्करोग पोचलेला होता. ही चाचणी विकरांची नव्हती, शस्त्रक्रियेची होती, हे मान्य. पण तिनं सांगितलं ते स्पष्ट आहे: गाठ लहान असताना, डोळ्याला आणि हाताला काही कळण्याआधी, पेशी चालत मानेपर्यंत गेलेल्या असतात, आणि जीव त्या चालीनं ठरतो. भारतात २०२२च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला १ लाख ४० हजारांहून जास्त लोकांना तोंडाचा कर्करोग होतो. साडेबारा टक्क्यांचा फरक म्हणजे किती घरं, हा हिशेब कुणालाही करता येईल.

पहिला जाणता आक्षेप असा येतो की कर्करोगाचं मूळ जनुकांच्या बिघाडात आणि बेलगाम वाढीत आहे. चाल हा पुढचा परिणाम. याला आधारही भक्कम आहे. ॲक्ट्रेक आणि कल्याणीच्या जनुकसंशोधन संस्थेच्या सहभागानं २०१३ साली हिरडी आणि गालाच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी-५३ होतं, एफएटी-१ होतं आणि एच-रासही होतं. पण एच-रास कोण आहे? जीटीपी पकडून चालू होणारं, रोचंच सख्खं भावंड. रो हे नावच 'रासचा सगोत्र' या अर्थानं १९८५ साली पडलं. बिघडलेलं रास वाढीचे निरोप तर देतंच, पण रॅकलाही जागं करून पेशीची कड पुढे रेटतं. एफएटी-१ हे पेशींना एकमेकींशी आणि ॲक्टिनशी जोडणाऱ्या कामातलं प्रथिन. म्हणजे 'वाढीच्या' जनुकांची यादी नीट वाचली तर तिच्यात चालीची जनुकं निघतात. बटव्याची नाडी आणि जळूची ओढ एकाच विकराकडे असेल, तर वाढ आधी की चाल आधी असं नाटक उभं करण्यात अर्थ राहत नाही. माझा आग्रह क्रमाचा नाही, लक्ष देण्याचा आहे. वाढ मोजायला आपण शिकलो. चाल मोजायला शिकलो नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. चाल थांबवायची औषधं करून झाली आणि ती हरली. १९९०च्या दशकात पेशीला वाट कापून देणारी प्रोटिएज विकरं रोखणाऱ्या औषधांवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि रुग्णांना फायदा झाला नाही. त्याचं एक कारण २००३ साली साहाय आणि मार्शल यांनी दाखवलं: वाट कापणं बंद केलं की काही कर्करोगपेशी अमीबासारख्या गोल होतात आणि रो-रॉकच्या जोरावर फटींमधून पिळून निघतात. एक दरवाजा बंद, तर दुसरा उघडा. मग रॉकच का रोखू नये? कारण रॉक सगळीकडे आहे. रक्तवाहिनी आवळण्याचं कामही तेच करतं, ते जास्त दाबलं तर रक्तदाब पडतो. ही अडचण खरी आहे आणि आजमितीस कर्करोगासाठी रॉकचं औषध मंजूर नाही, हेही खरं. पण त्यामुळे रॉकला हात लावताच येत नाही, असं ठरत नाही. जपानमध्ये फासुडिल १९९५पासून मेंदूतल्या रक्तस्रावानंतर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला वापरतात. काचबिंदूसाठी रॉक रोखणारे डोळ्याचे थेंब २०१४ साली जपानमध्ये आणि २०१७ साली अमेरिकेत मंजूर झाले. डोळा लाल होतो, पण औषध डोळ्यापुरतं राहतं. आणि जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत बेल्युमोसुडिल मंजूर झालं. अस्थिमज्जा बसवल्यावर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीराशी झगडू लागतात, कातडी ताठ होते, सांधे वळेनासे होतात. इतर उपाय थकलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना त्यानं कमी-अधिक गुण आला. हे औषध रॉकच्या दोन भावांपैकी रॉक-२ला धरतं. ज्या विकरानं ताठर झालेली कातडी काही अंशी सैल होते, त्याच विकराचा निरोप सुपारीनं ताठ केलेल्या गालात चालू आहे, असं मानायला वर सांगितलेली कारणं आहेत.

तिसरा आक्षेप रस्त्यावरचा, आणि मला सर्वांत जवळचा. एवढं विकरपुराण कशाला, सुपारी आणि तंबाखू थांबवा, झालं. थांबवायलाच हवं, त्याला पर्याय नाही. पण महाराष्ट्रानं गुटखा २०१२ सालीच बंद केला. तरी पानमसाल्याची पुडी एक आणि तंबाखूची दुसरी, दोन्ही हातावर एकत्र करून तोंडात, ही वाट निघालीच. २०१६-१७च्या पाहणीत राज्यातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या प्रौढांनी, म्हणजे २४.४ टक्क्यांनी, धूर नसलेला तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. त्यात मळलेली चिमूट आली, बायकांची मशेरीही आली. सुपारीचं खाणं या आकड्यात वेगळं मोजलेलं नाही, आणि चौक-खालापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहतीची पाळी संपवून येणाऱ्या तरुणाच्या खिशात बहुधा तीच पुडी असते. शिवाय ज्याचं तोंड आधीच दोन बोटांवर आलंय, त्याला 'सोडून दे' एवढं सांगून भागत नाही. सुपारी सोडल्यावर जळजळ कमी होते, विकार पुढे सरकायचा वेग उतरतो, पण विणलेली चटई सहसा आपोआप उसवत नाही. गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, लाकडी पट्ट्या एकेक वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम, फारच झालं तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया, एवढंच आजचं सामान आहे, आणि पट्टे कापल्यावर व्यायाम सुटला तर ते पुन्हा आवळतात. या माणसाला ताठरता कशी चालते हे समजून केलेला उपाय हवा आहे.

म्हणून मागणं दोन ठिकाणांकडे आहे. खालापूर आणि कर्जतच्या आरोग्य केंद्रांत, उपकेंद्रांत, कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत, वजन आणि रक्तदाबाच्या रकान्याशेजारी तोंड उघडण्याचा रकाना असावा, बोटांत नव्हे, पट्टीनं मिलिमीटरमध्ये, दरवर्षी. पंचेचाळीसवरून चाळीस, चाळीसवरून पस्तीस ही घसरण कागदावर आली की तीस वर्षांच्या माणसाला ती दाखवता येते. गाठीसाठी थांबावं लागत नाही. दुसरं मागणं खारघरसारख्या संस्थांकडे. ताठ गालाच्या बारीक तुकड्यांत रो आणि रॉकचा जोर किती, तो तोंडाच्या उघडण्याशी कसा जुळतो आणि पुढे कुणाला कर्करोग होतो, हे मोजणारी लांब पल्ल्याची पाहणी व्हावी. एर्नाकुलममध्ये सतरा वर्षं झाली तशी, पण या वेळी विकरांसकट. ती जुळणी पक्की निघाली तर रॉक रोखणारं औषध पोटातून देण्याआधी गालाला लावायच्या लेपातून किंवा गालात टोचून, रक्तदाबाला धक्का न लावता, ताडून पाहता येईल. अशा चाचणीला महागडं नवं मोजमाप शोधावं लागणार नाही. औषधाचा गुण आला की नाही, ते पुढच्या दातांमधल्या अंतरावर कळेल: औषधाआधीचे मिलिमीटर, आणि सहा महिन्यांनंतरचे.